परिचारिकेचे शिक्षण आणि तिची नोंद

(ज्युबिलीनिमित्त देवळी येथे भरलेल्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्युबिलीच्या प्रसंगी गेलेल्या वर्षांचे स्मरण करावे, ज्यांनी ही पॅरिश उभारली त्यांची नावे आदराने घ्यावी, हे योग्यच होय. आणि ते काम आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी केले आहे. आम्हांस मात्र फादरांनी निराळाच विषय नेमून दिला. ते म्हणाले, "बारावीचा निकाल लागला की मुली आणि त्यांचे आईबाप माझ्या दारी येतात. नर्सिंगला घालावे काय, कोठे घालावे, किती वर्षे लागतात, रात्रपाळी असते हे खरे काय, असे विचारतात. मी त्यांस काय सांगणार? तुम्हीच सांगा." आम्ही आयुष्याची बरीच वर्षे प्रथम वॉर्डात आणि नंतर शिकविणाऱ्यांच्या बाजूस घालविली, एवढाच आमचा अधिकार. विषय रूक्ष आहे. परंतु त्यात घराघरांचा पैसा आणि मुलींची उमेदीची वर्षे गुंतलेली आहेत, म्हणून थोडा वेळ लक्ष द्यावे अशी विनंती आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपल्या देवळीत दवाखान्यात जी कोणी हाती इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी दिसेल तीस आपण सरसकट 'सिस्टर' म्हणतो. ग्रामीण रुग्णालयातील अधिपरिचारिका सिस्टर, उपकेंद्रातील लस टोचणारी बाईही सिस्टर, आणि खाजगी डॉक्टरांनी हाताखाली घेऊन सहा महिन्यांत तयार केलेली मुलगीही सिस्टरच. घरोघर फिरणाऱ्या आशाताईंसही कोणी कोणी तसेच म्हणतात. हा शब्द मुळात व्रतस्थ भगिनींचा; त्यांनी रुग्णसेवेत इतके आयुष्य वेचले की त्यांचे संबोधन त्या कामासच चिकटून राहिले. आम्हांस त्याचा अभिमान आहे. पण एकच शब्द चौघींस लावल्याने चौघींचे शिक्षण एकच, असा समज होतो आणि नुकसानीस तेथून आरंभ होतो.

असे एक नुकसान आम्ही जवळून पाहिले आहे. नाव, गाव सांगत नाही. कापसाच्या पट्ट्यातले कुटुंब, चार एकर कोरडवाहू शेती, तीन मुलींत ही थोरली. बारावीस बरे गुण मिळाले. कोणी एक गृहस्थ घरी आले आणि एका वर्षात नर्स करून देतो, नोकरीची हमी देतो, असे म्हणाले. छापील माहितीपत्रक होते, त्यावर टोपी घातलेल्या हसऱ्या मुलीचे चित्र होते, शिक्के होते. बापाने बैलजोडी विकून फी भरली. मुलगी वर्षभर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसली. शरीररचनेची थोडी वही लिहून घेतली. रबरी हातावर सुई टोचण्याचा सराव केला. वर्षाअखेर सोनेरी कडांचे प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन ती सरकारी भरतीस गेली, तेव्हा खिडकीमागील कारकुनाने विचारले, "नोंदणी क्रमांक?" तिने प्रमाणपत्रावरील क्रमांक दाखविला. त्याने मान हलविली. त्याचे बरोबर होते, कारण तो क्रमांक त्या संस्थेच्या छापखान्याचा होता. परिषदेच्या पटावर तिचे नाव नव्हते आणि येणे शक्यही नव्हते. पुढे ती एका खाजगी दवाखान्यात अत्यल्प पगारावर लागली. लोक तीस सिस्टर म्हणत. ती सुया टोची, सलाइन लावी. आणि रात्री अंथरुणावर पडली की, आज आपल्या हातून काही चुकले असेल काय, हा विचार तीस झोपू देत नसे. हे तिने आम्हांस स्वतः सांगितले. चूक झाली तर ती ओळखण्याइतकेही शिक्षण आपणांस मिळाले नाही, हे तीस कळून चुकले होते. बैलजोडीहून हा तोटा मोठा, असे आम्हांस वाटते.

म्हणून मार्ग कोणते ते नीट ऐकावे. आज महाराष्ट्रात परिचारिका होण्यास मुख्यतः तीन दारे आहेत. पहिले ए.एन.एम. म्हणजे साहाय्यक परिचारिका व प्रसाविका हे. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा व केवळ मुलींसाठी आहे. बारावी झालेली असावी लागते आणि कला शाखेची मुलगीही त्यास चालते. दुसरे जी.एन.एम.; हे तीन वर्षांचे असून मुलांसही खुले आहे, त्यास बारावीत इंग्रजी विषय आणि साधारणतः निदान ४० टक्के गुण लागतात. या दोहोंस वयाची सतरा वर्षे पुरी आणि पस्तिशीच्या आत, अशी मर्यादा आहे. तिसरे बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची पदवी. तीस विज्ञान शाखा, त्यात भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी हे विषय, खुल्या वर्गास ४५ टक्के गुण. राखीव वर्गांस सवलत आहे. पहिल्या दोहोंची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. पदवीची परीक्षा एरवी १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, सावंगीसारख्या अभिमत विद्यापीठाची गोष्ट निराळी. प्रवेशपरीक्षेचे नियम वर्षावर्षास बदलतात. तेव्हा शेजारच्या मुलीस गेल्या साली काय लागले हे न विचारता त्या सालची सरकारी माहितीपुस्तिका पाहावी.

ए.एन.एम. कमी आणि बी.एस्सी. श्रेष्ठ, असे आम्ही म्हणणार नाही. दोन वर्षे शिकलेली मुलगी उपकेंद्रावर जाते. सपाट मुलखात सुमारे ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र, असा दंडक आहे. तेथे डॉक्टर नेहमी जवळ असतोच असे नाही. गरोदर बाईच्या पायांस सूज आली, रक्तदाब वाढला, तर तीस वर्ध्यास धाडावयाचे की उद्यापर्यंत थांबावयाचे, हे त्या मुलीने एकटीने ठरवावयाचे. लस २ ते ८ अंश उष्णतेत राहिली पाहिजे; उन्हाळ्यात आपल्याकडे छाया पेटते, त्या दिवसांत वीज गेली तर शीतपेटीतील बर्फ किती वेळ टिकेल याचा हिशेब तिनेच करावयाचा. मोठ्या इस्पितळात दहा जणी मदतीस धावतात. येथे कोणी नाही. अमेरिकेतही सुमारे वर्षभराचे शिक्षण घेतलेल्या 'प्रॅक्टिकल नर्स' नावाच्या परिचारिका असतात आणि त्यांच्यावर 'रजिस्टर्ड नर्स'. पण तेथेही दोघींस परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. शिक्षण थोडे असो वा फार, परवान्यावाचून कोणासही परिचारिका म्हणून रोग्याच्या खाटेशी उभे राहू देत नाहीत.

देवळीकरांचे एक भाग्य असे की ज्ञान फार दूर शोधावे लागत नाही. यवतमाळ रस्त्याने वर्ध्यास जाताना वाटेतच सावंगी लागते, तेथे मोठे इस्पितळ व परिचर्या महाविद्यालय आहे. वर्धा ओलांडून सेवाग्रामास गेले की कस्तुरबा रुग्णालय. कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारीत स्थानबद्धतेत वारल्या. त्यांच्या मागे गांधीजींच्या प्रेरणेने आणि डॉ. सुशीला नायर यांच्या हातून स्त्रिया व मुले यांच्यासाठी जे लहानसे रुग्णालय निघाले, त्यातून पुढे १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याच्या आश्रयास परिचारिकांचेही शिक्षण चालते. आपल्या मुलींस मुंबई-पुण्याच्या गोष्टी ठाऊक असतात आणि दोन बसच्या अंतरावर काय आहे ते ठाऊक नसते, याचे आम्हांस नवल वाटते.

आता आत गेल्यावर काय शिकवितात? जी.एन.एम.चे उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजंतू, मानसशास्त्र, समाजशास्त्र, आहार, आरोग्यशिक्षण, प्रथमोपचार, इंग्रजी, संगणक. आणि सर्वांत मुख्य म्हणजे परिचर्येची मूलतत्त्वे. दुसऱ्या वर्षी औषधोपचार व शस्त्रक्रिया यांतील परिचर्या, मनोरुग्णांची व बालकांची परिचर्या. तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र, गावपातळीवरील आरोग्य आणि वॉर्डाची व्यवस्था. ही नावे ऐकून मुली घाबरतात. त्यांनी घाबरू नये. घाबरावयाचे असेल तर गणितास घाबरावे. 'आम्ही कला शाखेच्या, आम्हांस गणित कशास?' असे म्हणणाऱ्या मुलीस आम्ही पहिल्याच आठवड्यात फळ्याशी उभे करीत असू. ५०० मिलिलीटर सलाइन ८ तासांत द्यावयाचे आहे, नळी अशी की एका मिलिलीटरचे २० थेंब पडतात. तर मिनिटास थेंब किती सोडावे? पाचशे गुणिले वीस म्हणजे १०,००० थेंब. आठ तासांची ४८० मिनिटे. भागाकार २१ च्या किंचित आत येतो. गणित चौथीच्या मुलाचे. पण रोगी म्हातारा असला, हृदय अशक्त असले आणि आपण घाईत चाळीस थेंब सोडले, तर तेच पाणी फुप्फुसांत साचून तो गुदमरतो. वर्गात चुकलेले गणित पुसता येते, खाटेवरचे पुसता येत नाही.

पुस्तकांचा भाग एवढाच पुरे. या शिक्षणाचा मोठा हिस्सा वॉर्डात होतो. खाटेवरील रोग्यास न उठविता चादर बदलणे, दर दोन तासांनी कूस पालटून पाठीस जखम पडू न देणे, हात केव्हा व कसे धुवावे, मरणाऱ्या माणसाच्या ओठांस ओला बोळा लावणे, मेलेल्याचे डोळे मिटविणे. प्रत्येक कामाची वही असते. किती प्रसूती पाहिल्या, किती स्वतः केल्या, हे मांडून त्याखाली शिकविणाऱ्या बाईंची सही घ्यावी लागते. सही नसेल तर परीक्षेस बसता येत नाही. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रबरी हातावर शिकलेल्या मुलीस ही वही कोण देणार? ज्या संस्थेच्या मागे भरलेले इस्पितळ नाही, तेथे परिचारिका घडत नाही.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती सांगताना आजही संकोच वाटतो. पण दुसऱ्याच्या चुका सांगून आपल्या झाकणे बरे नव्हे.

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी आम्ही पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होतो. इस्पितळ कोणते ते सांगण्याची गरज नाही. सकाळची पाळी, वॉर्डात चाळीसाच्या वर रोगी, आणि आम्हांकडे सर्वांची नाडी व ताप लिहिण्याचे काम. नवव्या खाटेवर एक म्हातारी होती, हृदयविकाराची. ती गाढ झोपली होती. आदल्या दिवशीच्या तक्त्यावर नाडी ७२ होती, तिच्या आदल्या दिवशी ७४. आम्हांस उशीर झाला होता. आम्ही तिचा हात हाती न घेताच ७२ लिहिले आणि दहाव्या खाटेकडे गेलो.

म्हातारीस डिगॉक्सिन नावाची गोळी चालू होती. ही गोळी हृदयास बळ देते, पण नाडी मंदही करते. म्हणून ती देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट ठोके मोजावयाचे आणि साठाच्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांस कळवावयाचे, असा नियम आहे. गोळी देण्यास वॉर्डच्या मुख्य सिस्टर स्वतः आल्या. तक्त्यावर ७२ पाहिले असते आणि गोळी दिली असती, तर त्यांस कोणीही दोष दिला नसता. पण त्यांची सवय अशी की, दुसऱ्याने मोजलेले असले तरी छातीवर नळी ठेवून आपण पुन्हा मोजावयाचे. त्यांनी मोजले. ठोके ४८ होते.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आम्हांस बोलाविले, मनगटावरील घड्याळ काढून आमच्या हाती दिले आणि म्हणाल्या, "मोजा." आम्ही मोजले. मिनिट फार लांब असते हे त्या दिवशी कळले. मग त्यांनी तक्ता पुढे केला. चुकलेला आकडा खरवडून काढावयाचा नाही, काळा करावयाचा नाही, त्यावर एकच आडवी रेघ मारावयाची म्हणजे खालचे वाचता येते, शेजारी खरा आकडा लिहावयाचा आणि सही करावयाची, हा रुग्णालयाचा रिवाज. आम्ही ७२ वर रेघ मारली, ४८ लिहिले, सही केली. गोळी थांबली, डॉक्टर आले, म्हातारी पुढे सुखरूप घरी गेली. तीस यातले काहीच कळले नाही. तो कागद तिच्या फायलीत राहिला. आम्ही खोटे लिहिले होते याचा तो पुरावा, आणि खाली आमचीच सही.

परिचारिकेच्या शिक्षणात नेमके काय शिकतात असे कोणी विचारले की आम्हांस शरीररचनेचे पुस्तक आठवत नाही, ती रेघ आठवते. परिचारिका म्हणजे जिने लिहिलेल्या आकड्यावर दुसऱ्याने डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी व्यक्ती. डॉक्टर चोवीस तास खाटेपाशी नसतो. तो तक्ता पाहून औषध ठरवितो. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर दगावले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. अशा प्रकारच्या काही विषांवर ॲट्रोपिन हे औषध देतात. ते किती द्यावे हे रोग्याची नाडी, डोळ्यांची बाहुली, तोंडाची लाळ व छातीतील घरघर पाहून घटकेघटकेस ठरते. ते पाहणार कोण? रात्री तीन वाजता खाटेपाशी उभी असलेली परिचारिका. तिने न मोजता आकडा लिहिला, तर थोर डॉक्टराचीही विद्या फुकट जाते.

एक नोंद तक्त्यावरची. दुसरी परिषदेच्या पटावरची. पहिलीवर विश्वास ठेवता यावा म्हणून दुसरी असते. परिचारिकेचे नाव पटावर लागले म्हणजे तिने कोठे, किती शिकून, कोणती परीक्षा दिली याची जबाबदारी कोणीतरी घेतली आहे. आणि तिने गंभीर अपराध केला तर ते नाव काढूनही टाकता येते. ज्याचे नाव काढता येत नाही, त्याच्यावर कसला अंकुश?

यावर एक आक्षेप आहे आणि तो लहानसहान व्यक्तीचा नाही. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात १८६० मध्ये परिचारिकांची शाळा काढणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचाच अशा सरकारी नोंदणीस विरोध होता. परीक्षेने ज्ञान कळेल, पण दया, सचोटी, सावधपणा हे गुण पटावर कसे लिहिणार, असे त्यांचे म्हणणे. बाईंविषयी आम्हांस अपार आदर आहे आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. नोंदणी झालेल्या कठोर परिचारिका आम्ही पाहिल्या आहेत आणि नोंदणी नसलेल्या मायाळू सुइणीही. परंतु जगाने त्यांचे ऐकले नाही. न्यूझीलंडने १९०१ मध्ये नोंदणीचा कायदा केला. त्यांच्या स्वतःच्या देशाने त्यांच्या पश्चात १९१९ मध्ये केला. मुंबई इलाख्यात तो १९३५ मध्ये आला, तेव्हा आपला वर्धा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. सबंध देशासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा १९६६ चा. आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा संमत करून १९४७ च्या कायद्याच्या जागी तो आणण्याचे ठरविले. आमचे मत विचाराल तर, माया ही घरून आणावयाची वस्तू आहे. मोजणे मात्र शिकावेच लागते, आणि शिकले की नाही हे कोणीतरी तपासावेच लागते.

आपल्या धर्मसभेचा या बाबतीतील अनुभव सांगण्याजोगा आहे. व्रतस्थ भगिनी शतकानुशतके रोग्यांची सेवा करीत आल्या. पण प्रसूतीचे काम मात्र चर्चच्या नियमाने त्यांस बंद होते. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांस जवळ येऊ देत नसत आणि भगिनींस हात लावण्याची मोकळीक नव्हती; मध्ये आई व मूल जात. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी यासाठी रोमचे दार ठोठावले आणि १९०९ मध्ये रावळपिंडीस स्त्रियांसाठी रुग्णालय काढले. त्यांच्या मागून तेथे आलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगेल यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापिला. शेवटी १९३६ च्या फेब्रुवारीत रोमहून आज्ञापत्र निघाले आणि भगिनींस प्रसूतिशास्त्राचे दार उघडले. त्यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नुसती परवानगी देऊन रोम थांबले नाही. भगिनींनी त्या विद्येचे रीतसर शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे, असेही त्यात होते. ज्यांनी सारे आयुष्य देवास वाहिले, त्यांसही शिक्षणाची सूट मिळाली नाही.

आणि आपल्या विदर्भातले उदाहरण म्हणजे कमलाताई होस्पेट. जन्म १८९६ चा. लहानपणी लग्न झाले आणि कोवळ्या वयातच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीपुढे भिंतीकडे तोंड करून बसणे याहून दुसरा मार्ग नसे. कमलाताईंनी नागपूरच्या डफरिन इस्पितळात परिचर्येचे व प्रसूतीचे शिक्षण घेतले. बाळंतपण म्हणजे विटाळ आणि ते काम म्हणजे हलके, असे मानणाऱ्या समाजात वरच्या जातीच्या विधवेने ही विद्या शिकावी, याचे धाडस आज आपणांस पुरते कळणार नाही. १९२१ मध्ये त्यांनी वेणूताई नेने यांच्यासह नागपुरास मातृसेवा संघ स्थापिला. लहानशा सूतिकागृहातून तो वाढला, त्याच्या शाखा विदर्भात पसरल्या. १९६१ मध्ये सरकारने कमलाताईंस पद्मश्री दिली, १९८१ मध्ये त्या वारल्या. त्यांची प्रथम पुंजी पैशाची नव्हती. सूतिकागृह काढण्यापूर्वी त्यांनी इस्पितळात शिकून घेतले होते, हा क्रम मुलींनी नीट पाहावा.

आता पालकांच्या शंका. रात्रपाळी असते हे खरे. रोग दिवस पाहून येत नाहीत. मुलगी वसतिगृहात राहते. प्रवेशापूर्वी ते वसतिगृह आईने स्वतः जाऊन पाहावे, रात्री फाटक कोण सांभाळते ते विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही. परपुरुषाच्या अंगास हात लावावा लागतो, अशी कुजबूज अद्याप ऐकू येते. २०२० आणि २०२१ या साथीच्या वर्षांत नातेवाईक दाराबाहेर उभे असताना आत आपल्या माणसांस कोणी स्वच्छ केले, पाणी पाजले, हे आठवले म्हणजे ती कुजबूज आपोआप थांबावी. लग्न जमत नाही असे म्हणणाऱ्यांस आमचा उलट अनुभव सांगता येईल, पण तो आजचा विषय नव्हे. मुलगे या वाटेस येत नाहीत याचे मात्र वाईट वाटते, जी.एन.एम. व पदवी त्यांस मोकळी आहे.

परदेशाची स्वप्ने पुष्कळ मुली पाहतात, आणि केरळच्या भगिनींनी ती खरी करून दाखविली आहेत. पण तेथेही पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचाच असतो, म्हणून आधी पाया येथे घालावा. खर्चाविषयी एवढेच की, सरकारी संस्थेत फी पुष्कळ कमी असते. पात्र विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या आहेत, त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात आणि मुदत चुकली की वर्ष जाते.

कोणी घरी येऊन प्रवेश देऊ लागला तर त्यास तीन गोष्टी विचाराव्या. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव आहे काय. परीक्षा कोण घेते. आणि विद्यार्थिनी शिकावयास कोणत्या, किती खाटांच्या इस्पितळात जातात. तो जे सांगेल ते ऐकून घ्यावे, पण विश्वास स्वतः पाहिलेल्या यादीवर ठेवावा. नाव कितीही मोठे असले आणि शिक्के कितीही गोल असले, तरी यादीत नसेल तर चहा पाजून निरोप द्यावा. दुसऱ्याने मोजलेले असले तरी आपण पुन्हा मोजावयाचे, हा त्या मुख्य सिस्टरांचा धडा पालकांसही लागू आहे.

बैलजोडी विकून शिकविलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले, असे मघापासून काही जणींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. ती चोवीस वर्षांची झाल्यावर आम्हांकडे आली. वयाची मर्यादा पस्तीस असते हे तीस ठाऊकच नव्हते; आता उशीर झाला, असे तिने मनाशी धरले होते. तिने पुन्हा अर्ज केला, जी.एन.एम.स जागा मिळाली, आपल्याहून सहा वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी बाकावर बसली. आज ती दुसऱ्या वर्षास आहे. या सभेस तिने यावे अशी आमची इच्छा होती. पण तीस रात्रपाळी आहे.

सभा संपल्यावर आम्ही बाहेर ओसरीवर बसणार आहोत. ज्यांस अर्ज करावयाचा असेल त्यांनी दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि असल्यास जातीचा दाखला घेऊन यावे. कोणी आधीच एखाद्या संस्थेचे माहितीपत्रक घेतले असेल तर तेही आणावे. आणि पैसे भरले असतील तर पावती.